तीनदा सारखं रीडिंग

मी लिहिलेल्या प्रोग्रॅमांपैकी एकच असा निघाला, की जसा लिहिला तसा अगदी तंतोतंत चालला. तो बंद पडला असता तर आज मला नानांना तोंड दाखवता आलं असतं.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, म्हणजे माऊस कसा धरायचा ते दाखवायचो. धुळ्याच्या एका कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर साक्रीकडच्या विहिरींच्या पाण्यावर बरीच वर्षं संशोधन करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत रीडिंग भरायचा एक प्रोग्रॅम आधीपासून होता. भरलेल्यातून पुढे काही काढायची सोय मात्र नव्हती. ती जोडून द्यायचं मी छातीठोकपणे कबूल केलं. असल्या जोडणीला प्लगइन म्हणतात हे मला पुढे कळलं. मी तिला शेपूट म्हणायचो.

शेपूट पायथनमध्ये लिहिलं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत ती भाषा होती, आणि अख्ख्या खानदेशात ती येणारा मी एकटाच, अशी माझी समजूत होती. माझी चूक पकडणाराही मग कोणी नव्हता, हे तेव्हा सुचलं नाही.

सात फ्लॉप्यांत सगळा पसारा कोंबून मी एसटीने धुळ्याला गेलो. सहावी फ्लॉपी उघडेना. परत जळगाव. पुढच्या खेपेला तिसरी रुसली. तिथले प्रयोगशाळा परिचर नाना एप्रनला हात पुसत म्हणाले, ‘‘भाऊ, दोन-दोन जोड्या आन ना. एक रुसनी ते दुसरी शे.’’

मी हसलो. तिसऱ्या खेपेला मात्र दोन-दोन जोड्या नेल्या आणि बसवणूक झाली. नानांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. थोडं कीबोर्डात सांडलं.

पाण्याचा जडपणा तपासायचं काम नानांच्या हातचं. उभ्या काचेच्या नळीतून थेंब-थेंब औषध पाण्यात सोडायचं, आणि लाल पाणी निळं झालं की त्या क्षणी नळीवरचा आकडा वाचायचा. एक थेंब जास्त पडला की आकडा गेला. म्हणून एकाच बाटलीचं पाणी पुन्हापुन्हा तपासायचं. नाना तीन आकडे सारखे येईपर्यंत थांबत नसत, आणि ते तिन्ही रजिस्टरात एकाखाली एक लिहीत. ११.४, ११.४, ११.४. बाटलीतलं पाणी संपलं तरच अडायचे. मग जे दोन वेगळे आकडे आलेले असत ते तसेच लिहून ठेवायचे. सरांच्या हाताखाली शिकणारी पोरंही अधूनमधून तपासायची; त्यांची रीडिंगं दर वेळी थोडी इकडेतिकडे असायची.

आता माझी हुशारी ऐका. एकच ओळ तीनदा दिसली, तर भरणाऱ्याने चुकून तीनदा भरली असणार, असं मी धरलं. शेपटाला सांगितलं, सारख्या ओळी दिसल्या की एक ठेव, बाकीच्या काढ. पुढे सांगितलं, ज्या बाटलीचं एकच रीडिंग उरेल, ती अर्धवट समज आणि पूर्ण काढ. किती काढल्या ते छापायची सोय केली नाही. उलट कोणी मागितला नसताना एक तक्ता छापला: कुणाच्या हाताच्या रीडिंगांत किती फरक.

नानांची सगळी तंतोतंत कामं शेपटाने गिळली. उरल्या त्या पाणी संपलेल्या बाटल्या. तक्त्यात सगळ्यात जास्त फरक नानांचा.

सरांनी तक्ता नानांसमोर धरला. ‘‘नाना, डोळे तपासून घ्या एकदा.’’

‘‘डोळा ते चांगला शेत, सर.’’

‘‘मग हात?’’

नानांनी स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला. मग अख्ख्या तक्त्यावरून बोट फिरवत माझ्याकडे वळले. ‘‘बठ्ठं बरोबर शे ना भाऊ?’’

‘‘मशीन आहे नाना,’’ मी म्हणालो. ‘‘त्याला कुणाचं वाकडं नसतं.’’

पुढच्या महिन्यात नानांना घंटेवर टाकलं. तास संपला की टोल द्यायचा आणि फाटकाजवळच्या स्टुलावर बसायचं.

पावसाळा सरता सरता साक्रीकडचे एक आबा आपल्या विहिरीचा निकाल विचारायला आले. कॉम्प्युटरात त्यांची विहीरच नव्हती. रजिस्टर उघडलं, तर नानांचं वळणदार अक्षर, तीन ओळी, तीन सारखे आकडे. जुनी पानं उलटत गेलो. नानांचं प्रत्येक चांगलं काम असंच गायब होतं.

चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. सांगायला वर्ष लागलं. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख ‘आमचा कॉम्प्युटरवाला’ अशी करून द्यायचे, आणि मला ते फार आवडायचं. ‘‘सर, थोडी सुधारणा केलीय,’’ एवढंच म्हणालो. जुना तक्ता फाडून टाकला, नवा छापलाच नाही. फाटकातून आत जाताना घड्याळात बघायचो, म्हणजे नानांकडे बघावं लागायचं नाही.

नानांच्या निवृत्तीच्या आठवड्यात मात्र धीर एकवटून सरांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रजिस्टर काखेत घेऊन ते थेट फाटकावर गेले. मी मागे.

‘‘नाना, तुमचं एकही रीडिंग चुकलेलं नव्हतं.’’

‘‘मंग कोन चुकनं?’’

‘‘मी, नाना,’’ मी म्हणालो.

नाना माझ्याकडे बघून चक्क हसले. ‘‘तू? आनि मी वरीसभर मन्हा हातले शिव्या दिन्यात!’’

सर म्हणाले, ‘‘चला, आज एक बाटली तुमच्या हातची होऊ द्या.’’

नाना नको नको म्हणत आले. एप्रन खुंटीवरच होता. नळी धुतली, पाणी घेतलं, थेंब सोडू लागले. लाल पाणी निळं होऊन गेलं, तरी थेंब थांबेना. दुसऱ्यांदा थांबले ते फार लवकर. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी बोटं कापत होती.

‘‘आते खरंच थरथरस,’’ ते म्हणाले.

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. नानांनी पेन मागून घेतलं आणि रिवाजाप्रमाणे तिन्ही आकडे रजिस्टरात एकाखाली एक लिहिले. तिन्ही वेगळे. खाली सही केली आणि टोल द्यायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

त्या तीन ओळी मीच कॉम्प्युटरात भरल्या. माझ्या जुन्या शेपटानेही त्यातली एकही गाळली नसती.