संमतीबाईंची सही

आमच्या लॅबच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना आम्ही संमतीबाई म्हणायचो. आधी पाठीमागे, मग तोंडावर. पेशंट कितीही घाईत असो, अर्जातल्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून त्या विचारायच्या, "रिपोर्ट तयार झाला की मेसेज पाठवू ना? आणि जाहिराती नको असतील तर इथे खूण करू नका." मागे रांग वाढायची. मी आतल्या खोलीत रक्त काढायला सुई घेऊन ताटकळत बसायचे आणि मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडायचे.

मेसेजचं काम मालकांनी त्यांच्या गळ्यात घातलं होतं, कारण दुसरं कोणी ते घेईना. मोबाइल कंपन्यांचे नियम कडक. धंद्याचे मेसेज पाठवायचे तर आधी लॅबचं नाव नोंदवायचं, प्रत्येक मेसेजचा मजकूर मंजूर करून घ्यायचा, त्यातल्या फक्त मोकळ्या जागा भरायच्या. ज्याने होकार दिला नाही त्याला पाठवायचं नाही, 'बंद करा' म्हणाला तर त्याच दिवशी नाव काढायचं. नोंदणीच्या फॉर्मवर 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. मालक म्हणाले, "तुमचंच नाव घाला." बाईंना त्याचं अप्रूप वाटलं. घरी नवरा बसून होता, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. कुठल्याही कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदाच असं एकटं छापून आलं होतं. मला तीनदा दाखवलं त्यांनी.

एकदा एक म्हातारी आली. नवरा जाऊन महिना झाला होता आणि 'आपली पुढची तपासणी बाकी आहे' असे मेसेज त्याच्या फोनवर येतच होते. बाईंनी तिच्यासमोर त्याचं नाव यादीतून काढलं. संध्याकाळी सगळी यादी पुन्हा चाळली, अशी आणखी कोणी आहेत का म्हणून. तिघं सापडली.

मग मालकांचे जावई धंद्यात आले. आल्या आल्या कुठून तरी तीस हजार नंबरांची यादी घेऊन आले आणि बाईंसमोर ठेवली.

"यांनी आपल्याला होकार दिलेला नाही," बाई म्हणाल्या.

"नकारही दिलेला नाही ना?"

"आणि जाहिरातीचा मजकूर मंजूर नाही आपला."

"आहे की. 'आपला अमुक तयार आहे, लॅबमध्ये या.' त्या अमुकच्या जागी लिहा, निम्म्या दरातला तपासणी संच."

"ती जागा रिपोर्टच्या नावासाठी आहे. कंपनीला कळलं तर आपलं नावच बंद करतील. मग खरे रिपोर्टही जायचे नाहीत."

जावई हसले. "बाई, तुम्ही लॅबच्या नोकरीत आहात की मोबाइल कंपनीच्या?"

बाईंनी नियमांची फाइल मालकांपुढे नेऊन ठेवली. मालक म्हणाले, "पोरगा शिकलेला आहे, जरा करू द्या त्याला." दुसऱ्या दिवशी मेसेजच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि बाई नुसत्या पावत्या फाडायला उरल्या. फॉर्मवरचं नाव मात्र कोणी बदललं नाही. आम्ही सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून होतो. मीसुद्धा.

सोमवारी तीस हजार मेसेज गेले. गुरुवारपर्यंत तक्रारींवर तक्रारी जाऊन मोबाइल कंपन्यांनी लॅबचं नाव अडवलं. तशी ई-मेल आली होती, जावयांनी ती उघडलीच नाही. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक रिपोर्टपुढे 'पाठवला' असंच दिसायचं. 'पोहोचला' हा रकाना वेगळा होता. तो बघायची सवय एकट्या बाईंना होती.

अकरा-बारा दिवसांनी एक मास्तर काउंटरवर येऊन भांडले, की रिपोर्टचा मेसेज का नाही. बाईंनी जावयांच्या टेबलाशी जाऊन, चालू असलेल्या त्यांच्या कॉम्प्युटरवर, त्यांना न विचारता तो रकाना उघडला. सगळा कोरा. त्या जागेवर आल्या, न पोहोचलेल्या रिपोर्टांची यादी छापली आणि फोन उचलून एकेकाला लावायला लागल्या. दुपारी जेवल्या नाहीत. चारच्या सुमारास एका सुताराचा रिपोर्ट हातात आला. कंबर दुखते म्हणून तो आपणहून, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आला होता. मूत्रपिंडाच्या आकड्याभोवती आमच्या डॉक्टरांनी लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'वेदनाशामक गोळ्या बंद, ताबडतोब दाखवा.'

फोन त्याच्या बायकोने घेतला. म्हणाली, "मेसेज आला नाही, म्हणजे सगळं ठीक असेल असं वाटलं आम्हाला. गोळ्यांवर काम करत होते. परवा दवाखान्यात ठेवलंय."

बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

सुताराची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर पडणं नशिबी आलं.

लॅबचं नाव पुन्हा सुरू करायचं तर मोबाइल कंपनीला लेखी खुलासा हवा होता, जबाबदार व्यक्तीच्या सहीने. जावयांनी तो तयारच आणला. 'माझ्या नजरचुकीने नियमभंग झाला.' बाई म्हणाल्या, सही करणार नाही.

मालक त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "रोज शंभर माणसांचे रिपोर्ट अडकलेत. आणखी एखादा सुतार व्हायला हवा का तुम्हाला?"

बाईंनी सही केली. दोन दिवसांत मेसेज सुरू झाले. आठवड्याभरात, कंपनीला कारवाई दाखवायची म्हणून, बाईंना काढलं. निरोप समारंभ वगैरे काही झालं नाही. त्यांनी डबा उचलला आणि गेल्या.

महिन्याभराने बाई सुताराच्या घरी जायला निघाल्या, मी बरोबर गेले. एकच खोली, भिंतीला टेकवलेला अर्धवट दरवाजा, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. सुताराच्या बायकोने आम्हाला उंबऱ्यावरच अडवलं. लॅबने ते सहीचं पत्र तिलाही दाखवलं होतं.

"तुमच्याच हातून झालं ना? मग आता कशाला आलात?"

बाई खरं सांगायला आल्या होत्या. पण पत्रावर सही त्यांचीच होती. मी बोलू शकले असते. माझी नोकरी होती अजून.

आतून सुतार म्हणाला, "येऊ दे त्यांना." तो खाटेवर बसला होता, पाय सुजून जड झालेले. शांतपणे विचारलं, "माझा कागद तुमच्याकडे किती दिवस होता?"

"अकरा दिवस."

त्याने मान हलवली. "तुमच्या लॅबच्या मागच्याच गल्लीत राहतो मी, बाई. कुणी चालत आलं असतं तरी चाललं असतं."