आबांच्या विसा

दौंड स्टेशनात पुण्याच्या शटलच्या तिकिटासाठी रांगेत उभा होतो. कॉम्प्युटरची नोकरी लागली होती, पहिले सहा महिने ट्रेनी म्हणून. पोचवायला आलेले आबा, माझे वडील, रांग मोजून मोठ्यांदा म्हणाले, "फुडं दोन ईसा आन् तीन मान्सं हाईत. जागा घावंल तुला." मागची कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. मेंढरं विकून आमच्या गावी, खुटबावला, ऊस लावला तरी आबा सगळं विसाविसानंच मोजायचे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "तुम्ही जावा आता," म्हणालो. ते गेले.

पुण्यात एका खोलीत सहा जण. मोरी तुंबलेली, तिथंच दात घासायचे. ऑफिसात साहेबांनी पहिलंच काम दिलं. फायलींचे आकार नुसत्या बाइटमध्ये दिसायचे, ४८३१२०७ असे. ते कुणालाही वाचता येतील असे केबी-एमबीत दाखवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायची. शनिवारपर्यंत जमली नाही तर घरी.

१०२४ बाइटचा एक केबी, १०२४ केबीचा एक एमबी. पाठ होतं सगळं, पण आकडे काही बसेनात. शुक्रवारी दुपारी डबा खाता खाता आबांचं मोजणं आठवलं. आधी विसा बाजूला काढायच्या, राहतील ती सुटी. तसंच केलं. आधी एमबी काढले, उरलेल्यातून केबी, मग सुटे बाइट. स्क्रीनवर आलं, ४ एमबी, ६२१ केबी, ९९९ बाइट.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सोपं केलंस की रे! कुठं शिकलास हे?"

"पुस्तकात," मी म्हणालो. किती पटकन म्हणालो! पुढे नोकरी पक्की झाली.

दिवाळीत गावी गेलो, तर आबा चहाच्या टपरीवर चारचौघांना सांगत होते, "ह्याला सायबानं मोजायला शिकीवलं. आपलं काय, आडान्याचं मोजनं." 'तुमच्याकडूनच शिकलो आबा,' एवढ्या एका वाक्याचं काम होतं. पण शिकलेला म्हणवून घ्यायची चटक लागली होती मला. मी चहा पीत बसलो. तो घोट आठवला की अजून शिसारी येते.

आता बंगळुरात असतो. गाव सोडलेले तुम्ही सगळे घराच्या आठवणीनं हळवे होता, मला तुमचा हेवा वाटतो. मला घर म्हटलं की स्वतःचीच किळस येते. परवा फोनवर, आबांनी अलीकडे पाळलेल्या शेळ्या किती झाल्या ते विचारलं. आबा शाळेत उभं केल्यासारखं अडखळत म्हणाले, "सत्तेचाळीस." आणि हळूच, "बरोबर म्हनलो न्हवं?"

"हो आबा, बरोबर," मी म्हणालो.