पोटभर जेवून कमावलेली पाठ

माझी सून डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर उभं राहून तिची कंबर धरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि ती घराजवळच्या जिममध्ये जाऊ लागली. कंबर लवकरच बरी झाली, जिम मात्र सुटली नाही. काही वर्षं अशीच गेली आणि एका रविवारी दुपारी, आम्ही तिघं जेवत असताना, तिने सांगितलं की तिला शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचंय.

माझा मुलगा घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. शरीरसौष्ठव म्हणजे उत्सवात मैदानावर मांडव घालून, अंगाला तेल चोपडून उभे राहणारे पुरुष, एवढीच माझी समजूत. तिने फोनवर बायकांचे फोटो दाखवले. त्यांचे खांदे, त्यांच्या मांड्या बघून मला वाटलं, या बायका जेवत तरी असतील का? मी तसं विचारलंही.

"उपाशी राहायचं नाही आई," ती म्हणाली. "उपाशी राहिलं तर स्नायूच जातात. खायचंय, पण हिशोबाने."

तो हिशोब मी पुढे रोज पाहिला. मला उपास ठाऊक होते. चतुर्थीला दिवसभर काही नाही आणि चंद्रोदयानंतर पानावर तुटून पडायचं, हा आमच्या पिढीचा संयम. तिचा संयम वेगळाच निघाला. तिच्या ताटात पोळी होती, भात होता, वरण होतं, मटकीची उसळ होती, दही होतं. फोडणीचं तेल चमच्याने मोजून पडायचं आणि चहातली साखर गेली होती. अंडी वाढली होती. मी स्वतः अंडं खात नाही, पण सकाळी ती जिममधून येईपर्यंत उकडून, सोलून ठेवायला लागले. गार पाण्यात टाकली की सालं सरळ निघतात, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. मासे आणि कोंबडी ती माहेरी, आंबिवलीला जाऊन खायची. कधीतरी तिच्या आईने दिलेला डबा घेऊन यायची आणि माझी परवानगी विचारून फ्रीजमध्ये ठेवायची. परवानगीची गरज नाही, असं माझं सांगून झालं होतं, तरी विचारायची.

लॅबमध्ये वजन करण्याची सवय असल्यामुळे स्वयंपाकघरातला छोटा काटा तिला जड गेला नाही. शिजवलेला भात वाटीत घ्यायची, काट्यावर ठेवायची, की झालं. त्यात चेहऱ्यावर ना दुःख, ना मिरवणं. वजन अगदी सावकाश उतरत होतं. कधी एखादा आठवडा हलायचंच नाही. अशा वेळी मीच अस्वस्थ व्हायचे आणि म्हणायचे, भात थोडा कमी करू का? ती म्हणायची, थांबू या, अजून एक आठवडा बघू. जिममध्ये उचलायचं वजन कमी होत नाहीये ना, झोप लागतेय ना, मग ठीक आहे.

गणपतीत मी उकडीचे मोदक केले. हिला वाढावेत की नाही, या विचारात मी होते, तर तिने स्वतःच दोन मागून घेतले आणि वर तूपही. अगदी चवीने, बोटं चाटत खाल्ले. तिसरा घेतला नाही. संध्याकाळी त्याची भरपाई म्हणून उपाशीही राहिली नाही, नेहमीचं जेवली. माझ्या बहिणी, मैत्रिणी जन्मभर खाण्याशी भांडताना मी पाहिल्यात, आणि मीही त्यातलीच. गोडाशी इतक्या सलोख्याने वागणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होते.

दिवाळीच्या साफसफाईत दिवाणाखालची ट्रंक बाहेर काढायची होती. मुलगा घरी नव्हता. मी शेजाऱ्यांना हाक मारायला निघाले, तेवढ्यात तिने दिवाणाची एक बाजू उचलली. तिची पाठ माझ्याकडे होती. दंडापासून मानेपर्यंत काहीतरी सरकलं, उमललं, पुन्हा मिटलं. भूगोलाच्या तासाला मी मुलांना पर्वतरांगा कशा वर येतात ते शिकवलंय. ते डोळ्यांनी कधी दिसत नाही, त्याला लाखो वर्षं लागतात. इथे ते माझ्याच घरात, वरण-भातावर घडलं होतं. ट्रंक ओढायची ती राहूनच गेली. तिला मला दोनदा हाक मारावी लागली.

मग कल्याणची स्पर्धा जवळ आली आणि गोष्टी बिघडल्या. तिच्या ट्रेनरचं म्हणणं पडलं की ती मागे आहे, इतक्या सावकाशीने वेळेत तयारी होणार नाही. त्याने भात बंद करायला सांगितला, मग दही, मग पोळी. सकाळ-संध्याकाळ चालणं वाढवलं. शेवटच्या आठवड्यात मीठ आणि पाणीही तोडायचं, असं ठरलं होतं. तिने भात-पोळीशिवाय काही आठवडे काढले. डिसेंबरात डोंबिवलीत थंडी ती काय, पण ती घरात स्वेटर घालून बसायला लागली. फ्रीज उघडून नुसतीच उभी राहायची. नवऱ्यावर खेकसायची आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायची. एकदा लॅबमध्ये चुकीचा आकडा टिपला गेला आणि ते तिच्या सहकाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. हे तिनेच सांगितलं. त्या महिन्यात तिची पाळी आली नाही.

एका शनिवारी ती एकटीच ठाण्याला, वर्तकनगरमधल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आली. आल्यावर हातपाय धुऊन टेबलापाशी बसली आणि म्हणाली, आई, मला भात वाढाल? मी वाढला. वरण घातलं. ती खाली मान घालून जेवली. जेवून झाल्यावर तिने ट्रेनरला फोन लावला आणि आमच्यासमोरच सांगितलं की ती या वेळी उतरत नाहीये.

माझ्या मुलाला वाईट वाटलं. एवढे महिने घाम गाळलास, आता थोडक्यासाठी सोडू नकोस, असं तो म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं, त्याने तिचे सगळे पहाटेचे गजर ऐकले होते.

"अरे, स्पर्धा पुढच्या वर्षी परत होणारे," ती म्हणाली. "माझी पाळी परत कधी येईल, हे मला कोणीच सांगू शकत नाहीये."

माझ्या आयुष्यात मी नेट लावून धरणारी माणसं खूप पाहिली होती. नेटाने सोडणारं माणूस मी तेव्हा पाहिलं.

कल्याणची ती स्पर्धा पाहायला आम्ही दोघी गेलो. तिचा हट्टच होता. मैत्रिणीला भेटायला म्हणून ती मला रंगमंचामागे घेऊन गेली. तिथे कोपऱ्यात खुर्चीवर एक मुलगी बसली होती, विशीतली. ओठ फुटलेले, पोटऱ्यांत गोळे आलेले. दोन दिवस तिने पाणी जवळजवळ घेतलंच नव्हतं. तिचे वडील खाली बसून तिचे पाय चोळत होते आणि सारखं विचारत होते, घरी जाऊ या का. माझ्या सुनेने तिथल्या डॉक्टरांना शोधून आणलं. ते मीठ-साखरेचं पाणी करून देईपर्यंत ती त्या मुलीची पावलं हातात धरून बसली. त्या मुलीचं नाव पुकारलं गेलं, पण ती उठू शकली नाही. परतताना रिक्षात सुनेने पाण्याची बाटली काढून अर्धी प्यायली आणि उरलेली माझ्यापुढे धरली.

पाळी परत यायला उन्हाळा उजाडावा लागला. त्या काळात ती नीट जेवली, थोडी भरली, आणि जिममध्ये पूर्वीपेक्षा जास्त वजन उचलू लागली. ट्रेनर बदलला. आता एक बाई होत्या, स्वतः स्पर्धा केलेल्या, कमी बोलणाऱ्या. या खेपेला तयारी फार आधी सुरू झाली, म्हणून कुठे घाई नव्हती. भात शेवटपर्यंत होता. पाणी तर स्पर्धेच्या दिवशी सकाळीही ती नेहमीसारखं प्यायली.

या वेळची स्पर्धा ठाण्याला होती. तिने मला आधीच सावध केलं होतं, कपडे अगदी थोडे असतील, तुम्हाला अवघडल्यासारखं वाटलं तर येऊ नका. मी गेले. मला वाटलं होतं, मी मान खाली घालेन. पण ती प्रकाशात आली, अंगाला तांब्यासारखा रंग दिलेली, अनवाणी, आणि मला कपडे आहेत-नाहीत हे दिसलंच नाही. पंचांनी सांगितल्यावर सगळ्या जणी एकदम पाठमोऱ्या झाल्या. तिने हात वर नेऊन दुमडले आणि तिची पाठ उघडली. दुसरा शब्द मला सापडत नाही. कमरेपासून खांद्यापर्यंत ती रुंदावत गेली, आणि मधली पन्हळ इतकी खोल की तिच्यात सावली साचली होती. हे हाड, हे मांस आपण सगळेच अंगावर वागवतो. त्यात एवढं काही असतं, हे साठी ओलांडून गेल्यावर मला पहिल्यांदा दिसलं. माझे हात जोडले गेले होते, शेजारी बसलेल्या मुलाने नंतर सांगितलं.

तिचा चौथा नंबर आला. पदकं तिघींनाच होती. तिने पहिल्या आलेल्या बाईला मिठी मारली, आमच्याकडे आली, आणि विचारलं की पाठ नीट दिसली का, कारण ती तिला स्वतःला कधी दिसत नाही. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या उशीच्या अभ्र्यावर त्या रंगाचा मोठा तांबूस डाग होता. तो धुऊन गेला नाही, अजून फिकट दिसतो. मी म्हटलं, आता महिनाभर हवं ते खा. ती हसून म्हणाली, हळूहळू आई, वजन उतरताना घाई केली नाही, तशी चढतानाही नको. आणि भाजीसाठी लसूण सोलायला बसली. पाकळी दाबताना तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक बारीक शीर उठायची आणि विझायची. मी कणीक मळायची थांबून ते बघत राहिले.