एकाच खाटेपाशी

बस कंडक्टरची धडधाकट नोकरी सोडून पंचेचाळिशीत चर्चचा पाळक व्हायला निघालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी म्हणतात: देवमाणूस, नाहीतर वेडा. या गृहस्थाला सेमिनरीतल्या, म्हणजे पाळकांच्या शाळेतल्या, पोरांनी तिसरंच नाव ठेवलं होतं. डबल बेल. कुणी आपलं दुःख सांगायला लागलं की हा डोळे मिटायचा, चार वाक्यं घडाघडा म्हणायचा आणि ‘आमेन’ करून उठायचा. दोनदा घंटा, चला पुढे. नाव ठेवणाऱ्या पोरांचा काही दोष नव्हता.

अभ्यासात तो मागे नव्हता. ग्रीक क्रियापदांनी त्याच्या नाकी नऊ आणले, तरी त्याने ती पाठ केली. उपदेशाच्या वर्गात त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचे. घोडं अडलं ते हॉस्पिटलात. शेवटच्या वर्षी आजाऱ्यांच्या भेटी घ्यायला शिकावं लागतं आणि त्याची परीक्षा प्रत्यक्ष वॉर्डात होते. विद्यार्थी खाटेजवळ बसतो आणि परीक्षक दूर उभं राहून बघतात. इथल्या परीक्षक बाई स्वतः निवृत्त पाळक होत्या. पोरं त्यांना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. मागच्या खेपेला बाईंनी त्याला नापास केलं आणि कारण तोंडावर सांगितलं.

“तुम्ही पेशंटसाठी प्रार्थना करत नाही. तिथून सुटायला करता.”

ते खरं होतं म्हणूनच झोंबलं. आजारी माणसाच्या डोळ्यांत बघायची त्याला भीती वाटे. तिकीट देताना आयुष्यभर त्याने माणसांचे हात पाहिले होते, चेहरे कुठे बघायला मिळतात? आणि इथे तर चेहऱ्याखेरीज बघायला दुसरं काही नसतं.

आज दुसरी खेप होती. चर्चच्या समितीचा नियम असा की दोनदा नापास झालेल्याचं नाव काढून टाकायचं. मग ना पाळकपदाची दीक्षा, ना सांभाळायला चर्चची मंडळी. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, “कंडक्टरचा गणवेश कपाटात आहे अजून. नोकरी मात्र नाही, एवढं ध्यानात ठेवा.” ती हसत म्हणाली खरी, पण दार लावताना तिचा चेहरा त्याने पाहिला होता.

वॉर्डाच्या दाराशी बाईंनी त्याच्या खिशाला बिल्ला लावला. “तीन पेशंट, एक तास. तिन्ही भेटी व्हायला हव्यात. बसता यायला हवं आणि उठताही यायला हवं. कळलं?”

“उठायला मला येतं, बाई.”

“ते माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

पहिल्या खाटेवर एक पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस उशीला टेकून बसला होता. गळ्यावर शाईने खुणा केलेल्या. याने स्टूल ओढलं, नाव सांगितलं आणि सवयीने हात जोडायला घेतले.

“ते नको,” तो माणूस घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“प्रार्थना नको?”

“प्रार्थनेत तुम्ही बोलणार. आज मला बोलायचंय.” त्याने गळ्यावरच्या खुणेवर बोट ठेवलं. “थोड्या वेळाने आत नेतील. गाठ आहे. आवाजाची पेटीच काढणार आहेत. मग संपलं. भाऊ रात्रीच्या गाडीने येतोय. त्याच्याशी बोलायचं होतं, पण डॉक्टर काही त्याच्यासाठी थांबत नाहीत.”

काढता पाय घ्यायचा आपल्या माणसाचा एकुलता एक रस्ता पहिल्याच वाक्यात बंद झाला होता. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला. मग त्याने विचारलं, “काम काय करता?”

“लिलाव पुकारतो. घाऊक बाजारात, भाजीचा. तीस वर्षं झाली. माझा आवाज ऐकल्याशिवाय तिथे कांद्याची गोणी हलत नाही.”

“मग पुकारून दाखवा की.”

हे तोंडातून कसं निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्या माणसाने एकदा दाराकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सुरू झाला. फाटका आवाज, पण ताल पक्का. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. समोरच्या पेशंटने बोली लावली. नर्स औषधांची ट्रॉली घेऊन आली होती, तिने बोली वाढवली आणि नसलेली कांद्याची गोणी नर्सच्या गळ्यात पडली. वॉर्ड हसला. हसता हसता त्या माणसाला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबल्यावर त्याचे डोळे भरून आले.

“घरात मी फार ओरडलो हो,” तो म्हणाला. “बाजारात गोड आणि घरात नुसता आरडाओरडा. बायको गेली तोवर चांगलं असं तिच्याशी बोललोच नाही. आता बोलायला गेलो तर ती नाही. आणि थोड्या वेळाने मीही मुका.”

आता काहीतरी शहाणपणाचं बोलायची वेळ होती. वर्गात शिकवलेली वाक्यं याच्या ओठांवर रांगेत उभी राहिली होती. त्याने ती गिळली. पहिल्यांदाच तो समोरच्या डोळ्यांत बघत राहिला. नजर त्याने हलवली नाही.

“काय बोलला असतात तिच्याशी?” त्याने विचारलं.

तो माणूस सांगू लागला. हळूहळू, अडखळत, मधेच थांबून. तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून टकटक ऐकू आली. बाई मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर नख आपटत होत्या. निम्म्याहून जास्त तास सरला होता आणि दोन पेशंट अजून बाकी होते. तो उठायला म्हणून जरा पुढे सरकला, तशी त्या माणसाने त्याची बाही धरली. बोलणं मात्र थांबवलं नाही.

बाही सोडवणं काही अवघड नव्हतं. ‘पुन्हा येतो’ म्हणायचं, खांद्यावर थोपटायचं आणि चालू लागायचं, झालं. पण पुन्हा येईल तेव्हा हा आवाज नसणार होता. त्याच्या डोळ्यांसमोर बायको आली, मग समितीतली ती लांब चेहऱ्याची मंडळी आली. त्याने दाराकडे बघून नकारार्थी मान हलवली. बाईंनी भुवया उंचावल्या. त्याने पुन्हा मान हलवली आणि बाईंकडे पाठ फिरवली.

स्ट्रेचर आलं तेव्हा तास उलटून गेला होता. त्या माणसाला वर चढवलं, पट्टे बांधले. हा सोबत चालू लागला. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी तो माणूस म्हणाला, “थांबा. आता प्रार्थना. पण मीच करणार.” वॉर्डबॉय थांबले. त्याने डोळे मिटले आणि बाजारातल्या त्याच तालात, अगदी खालच्या सुरात पुकारलं, “देवा, माल जुना आहे. जरा डागी आहे. बोली तूच लाव, दुसरं गिऱ्हाईक नाही.” एका वॉर्डबॉयने मान दुसरीकडे वळवली. मग दार लागलं.

बाई बाहेरच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“दोन भेटी झाल्याच नाहीत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“ते दोघंही तुमची वाट बघत होते. बायकांच्या वॉर्डातली एक म्हातारी तर केस विंचरून बसली होती. शेवटी मी जाऊन बसले तिच्याजवळ.”

हे त्याला लागलं. त्याने मान खाली घातली. “चुकलंच माझं. पण उठता आलं नाही, बाई.”

“तुम्हाला उठता आलं नाही!” बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आवाज सावरून म्हणाल्या, “मी नापास लिहिणार आहे. नियम नियम आहे. समितीपुढे मी तुमच्या बाजूने भांडेन, पण ते ऐकतील असं मला वाटत नाही. खोटी आशा दाखवणार नाही मी.”

तीन वर्षं, ती सगळी क्रियापदं, बायकोचं ते हसून बोलणं, सगळं एकदम अंगावर आलं आणि त्याने भिंतीला हात टेकला. बाईंनी बिल्ल्यासाठी हात पुढे केला. त्याने खिशावरची पिन काढली आणि बिल्ला हातातच धरून ठेवला.

“हा संध्याकाळी परत केला तर चालेल का?”

“कशाला?”

“ते शुद्धीवर येतील तेव्हा त्यांना बोलता येणार नाही. भाऊ रात्री येणार. मधे कुणीतरी हवं ना, त्यांचा आवाज ऐकलेलं. बिल्ल्याशिवाय मला आत सोडणार नाहीत.”

“अहो, तुमची परीक्षा संपली आता.”

“हो ना,” तो म्हणाला. “आता कसलीच घाई नाही.”

बाईंनी हात मागे घेतला. त्याने बिल्ला पुन्हा खिशाला लावला आणि बंद दारासमोरच्या बाकावर जाऊन बसला.