पैसा शेवटाला

विणकाम हातभर लांब धरायचं, एक डोळा मिटून बघायचं आणि सुई सर्रकन ओढून काढायची. मग एकच शब्द: “उसवते.” शहापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींच्या तोंडून हा शब्द आला की आमचं काम आणखी महिनाभर लांबायचं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं काम सगळ्यांना आवडतं आणि वेळेवर कुणालाच मिळत नाही. मावशी लोकरीत किडे विणायच्या. स्वेटर असो, टोपी असो की उशीचा अभ्रा, त्यावर हिरवा नाकतोडा, निळा चतुर नाहीतर लाल मखमली मिरगाचा किडा असणारच. फुलं का नाही काढत, असं माझ्या बायकोने एकदा विचारलं. “फुलं सगलीच काढतात गो,” एवढंच उत्तर मिळालं.

आमच्या उशीवरचा नाकतोडा इतका खरा दिसायचा की माझ्या साडूंनी त्याला चपलेने मारलं. मला वाटलं, हे ऐकून मावशी खूश होतील. त्यांनी उशी मागून घेतली, डोळा मिटला.

“मागची तंगडी आखूड हाय. म्हणून तर पलाला नाय.”

अभ्रा उसवला. पावसाळा संपेपर्यंत उशी उघडीच होती.

मग माझी मुलगी शिकायला कॅनडाला निघाली. लहानपणी ती मावशींच्या अंगणात कुंड्या सरकवून खालचे किडे बघत बसायची. तिला स्वेटर हवा होता तो मावशींचाच. विमानाचं तिकीट आल्याबरोबर मी लोकर आणून दिली. मी हिशेबी माणूस. थोडे पैसे आधी दिले की काम पुढे सरकेल, असा माझा अंदाज. मावशींनी नोटांकडे पाहिलंही नाही.

“पैसा शेवटाला,” त्या म्हणाल्या.

म्हणजे काम झाल्यावर द्यायचे, असं मी धरून चाललो.

काम मात्र होईना. पुढचा भाग तयार झाला आणि उसवला गेला. “चतुर बसला तरी पंख मिटत नाय, भाऊ. मी मिटलेले काढले.” तिकडे बर्फ पडतं, पंख कोण बघणार, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांनी मलाच चहा दिला. विमानाच्या दिवशी स्वेटरला एकच बाही होती. मुलगी बाजारातलं जाकीट घालून गेली आणि मी मावशींशी बोलणं सोडलं.

पुढे त्यांचा उजवा हात लुळा पडला. मुरबाडपलीकडे सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांची लेक राहते. ती येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना लेकीने स्वेटर आमच्याकडे ठेवला. हात जाण्याआधीच तो पुरा झाला होता. चतुराचे पंख उघडे होते. खालच्या पट्टीवर मात्र एक तपकिरी गोल ठिगळ. इतकं उसवून शेवटी चूक झाकलीच, असं मनात म्हणत मी तो कुरिअरने पाठवून दिला.

मजुरी राहिली होती. एसटीने मुरबाड, तिथून जीप करून मी लेकीच्या घरी पोचलो. मावशी ओटीवर बसल्या होत्या. मी पैसे पुढे केले.

“पैसा दिला ना,” त्या म्हणाल्या.

“मी कुठे दिला, मावशी?”

“तुमी नाय. मी दिला. शेवटाला, खाली पट्टीवर.”

मला काही उमगेना. रस्त्यावर जाऊन, रेंज शोधून मुलीला फोन लावला. ती झोपेतून उठली आणि हसायलाच लागली. “बाबा, ठिगळ कसलं? पैसा आहे तो.” पावसात भिंतीवर चढणारा, हात लावला की नाण्यासारखा गोल होणारा किडा. आपल्याकडे त्याला पैसाच म्हणतात. कुंडीखाली तो सापडला की मावशी तो तिच्या तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, घे तुला पैसा.

मावशींनी नोटा घेतल्या नाहीत. लेकीला देऊ गेलो तर तिने आईकडे पाहून हात मागे घेतला. जाण्यायेण्याचं भाडं खर्चून मजुरी माझ्याच खिशात राहिली. पैसा काय तो एका माणसाला मिळाला, तोही कॅनडात.

मी उठलो तेव्हा लेकीने नुकतंच शिकून विणलेला एक भुंगा आईला दाखवायला आणला. पंख वाकडे, पाय एका बाजूला जास्त. मावशींनी तो डाव्या हाताने लांब धरला, एक डोळा मिटला. मी सवयीने त्या शब्दाची वाट पाहत थांबलो.

“असू दे,” त्या म्हणाल्या.