आतोबा आणि पाहुण्यांचं घड्याळ

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या आधी लोहचुंबक ठेवणारा बाप अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आतोबा दापोडीच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींत तांब्याची तार भरायचे, आणि तेवढ्यानं पोट भरत नाही म्हणून की काय, कासारवाडीच्या दोन खोल्यांतही दिसेल त्या वस्तूवर तार गुंडाळत बसायचे. आत्याचा तुपाचा डबा त्यातच गेला. सायकलचा डायनॅमो ते भर उन्हात चालू ठेवत. विचारलं तर म्हणत, "माझ्या पायानं वीज होतेय, ती बघू नको?" एकदा त्यांनी पोस्टमनला ओट्यावर बसवून त्याच्या हातात चुंबक दिला आणि तो मीटरला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यात आत-बाहेर करायला लावला. "हलवा, हलवा! थांबलात की मीटरचा काटा झोपला. नुसता चुंबक ठेवून वीज होत नसते हो!" गल्लीतली पत्रं त्या दिवशी संध्याकाळी पोचली.

त्यांच्या शालूला बघायला रावेतचे पाटील आले, तेव्हाही हेच झालं. मुलाचे वडील कौतुकानं वेटोळ्यावर वाकले, चुंबक हलवला, काटा नाचला, सगळे हसले. मग त्यांनी वेळ बघायला खिशातलं घड्याळ काढलं, तर ते चुंबकाजवळ गेल्यानं बंद पडलेलं.

"सासऱ्यानं दिल्यालं घड्याळ हाय ह्ये!" ते उठूनच उभे राहिले. "चला रं, निघू."

आतोबांनी चुंबक पाठीमागे लपवला. दाराआड आत्यानं डोळ्यांना पदर लावला. आणि शालू, खाली मान घालून बसायचं सोडून, सरळ पुढे आली.

"मामा, पाच मिनिटं माझ्याकडे द्या."

"आन् बिघडलं तर?"

"आता काय चालू आहे का?"

तिनं मोठं वेटोळं मधे एक दिवा घालून घरच्या विजेला जोडलं, घड्याळ आत धरलं आणि अगदी सावकाश लांब नेलं. "ह्या विजेनं वेटोळ्याचा चुंबक होतो आणि त्याची दिशा सारखी उलटसुलट होते," ती म्हणाली. "हळूहळू लांब नेलं की घड्याळाला लागलेलं चुंबकत्व विरून जातं."

म्हाताऱ्यानं घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ तसंच धरलं. "चालतंय की! पोरी, कुनी शिकिवलं ग?"

"बाबांनी."

आतोबा जमिनीकडे बघत होते. पाटील पुन्हा बसले, पोहे आले, आणि वैशाखात लग्न झालं.

पुढे बऱ्याच दिवसांनी मी गेलो, तर आतोबा ओट्यावर रिकाम्या हातांनी बसलेले. त्यांना बरं वाटावं म्हणून मीच म्हटलं, "आतोबा, ते घड्याळाचं मला नीट कळलं नव्हतं. समजावून सांगा ना."

ते रावेतच्या रस्त्याकडे बघत राहिले. "शालू येऊ दे," म्हणाले. "ती माझ्यापेक्षा छान सांगते."