इनास मास्तरांचा खतखड्डा

इनास मास्तर चालता चालता थांबत, मूठभर माती उचलून हुंगत आणि मगच पुढे जात. मालवणजवळच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट.

खड्ड्यातल्या शेणाचा उग्र वास काही महिन्यांनी जातो कुठे, हे ते वर्गात रंगून सांगत. मातीतले न दिसणारे जिवाणू त्या वासातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, ते पाण्यात विरघळतं आणि रोपांची मुळं ते शोषून घेतात. एरवी बोलताना म्हणत, "कुसला म्हणान काय संपणा नाय. माती तेचा रूप बदलता."

शेजारच्या सुभद्राकाकींना परसात खतखड्डा खणायला त्यांनीच लावलं. गोठ्याला लागून, विहिरीच्या वरच्या अंगाला. शेण टाकायला सोयीचं म्हणून. वांगी-मिरच्या अशा धरल्या की वाडीतली माणसं बघायला येत.

मग काकींच्या सुनेला मुलगा झाला. तिला दूध नव्हतं. नवऱ्याने मुंबईहून धाडलेली दुधाची पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून बाळाला देत. पाणी खूप वेळ उकळा, असं मास्तरांनी बजावलं होतं. दीड महिन्यात बाळाचे ओठ निळसर पडले, मग नखं. काकींनी दृष्ट काढली. मालवणला नेलं, पण उशीर झाला होता. डॉक्टरांनी बाळाचं तपकिरी पडलेलं रक्त पाहिलं आणि सोबत आलेल्या मास्तरांना विचारलं, विहिरीजवळ काय आहे?

त्या एका प्रश्नाने मास्तरांना सगळं कळलं. नायट्रेट जांभ्यातून विहिरीत झिरपलं होतं; तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटेल तसं दाट होतं.

घरात कुणालाच संशय नव्हता. आता सांगून त्यांचं दुःखच वाढेल, असं मी मास्तरांना म्हटलं.

"बाई, उद्या दुसरा पोर ह्याच पाण्यार वाढतला," ते म्हणाले.

काकींच्या अंगणात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एकट्याने खड्डा उपसला, खत दूर शेतात नेऊन टाकलं. कुणी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

दोन वर्षांनी सून पुन्हा बाळंत झाली. याही खेपेला तिला दूध आलं नाही. काकी शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तरानू, पोराक पाणी खंयसून आणू?"

दुसऱ्या दिवसापासून टेकडीवरच्या विहिरीच्या पाण्याची एक कळशी मास्तर रोज सकाळी स्वतः आणून देऊ लागले. मास्तर ख्रिस्ती, आणि ख्रिस्तावाच्या हातचं पाणी काकींच्या घरात तोवर कधी चाललं नव्हतं. काकी कळशी त्यांच्या हातून घेत आणि थेट स्वयंपाकघरात नेत.

ती मुलगी वाढली, शाळेत आली. मास्तर मात्र निवृत्त होऊन गोव्याला जाईपर्यंत आधी तिच्या ओठांकडे बघत आणि मगच तिच्याशी बोलत.